वसईचा गोन्सालो आणि ख्रिस्ती संतपद

पेणहून नागोठण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कासू हें लहानसें स्टेशन लागतें. तेथें आमच्या एका स्नेह्यांचें घर आहे व सुटींतले चार दिवस तेथें काढण्याचा आमचा परिपाठच पडून गेला आहे. गेल्या खेपेस घरच्या मंडळींबरोबर पालीस बल्लाळेश्वराच्या दर्शनास जाणें झालें. देवळांत एक मोठी घंटा आहे. ती युरोपीय घडणीची असून, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनीं ती आणून देवास वाहिली, असें सांगतात. घंटा पाहतांच अध्यापकी संवयीनें आम्हीं तेथल्या तेथें वसईच्या वेढ्याची हकीकत सुरू केली. आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींनीं (सारें गांव त्यांस काकू म्हणतें) ती शांतपणें ऐकून घेतली आणि मग विचारलें, "अहो, ही घंटा ज्यांच्या देवळांतली, त्यांच्यांत संत असतात म्हणे. ते कोण ठरवतं? आपल्या तुकोबांना काही कुणी ठरवलं नव्हतं."

परतीच्या वाटेवर आम्हीं जें उत्तर दिलें तें काकूंस पटलें असावें. आम्हांस मात्र तें अपुरें वाटलें. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची पुरवणी समजावी.

प्रथम शब्दानेंच घोटाळा होतो. आपला 'संत' हा संस्कृत 'सत्' शब्दाचा वंशज. लॅटिनमधील 'सांक्तुस', ज्यापासून युरोपीय भाषांतील संतवाचक शब्द निघाले, तो विधिपूर्वक पवित्र व अनुल्लंघ्य ठरविणें या अर्थाच्या धातूपासून आलेला. दोहोंचा उच्चार जुळावा हा निव्वळ योगायोग होय. पण या योगायोगामुळें दोन्ही कल्पना एकच असाव्यात असा आपला सहज ग्रह होतो. लॅटिन शब्दाच्या मागें ग्रीक, व ग्रीक शब्दाच्या मागें हिब्रू शब्द उभा आहे, आणि त्या हिब्रू शब्दाच्या पोटीं 'वेगळें काढलेलें, देवाकडे लावलेलें' हा भाव आहे. नैवेद्याचें उदाहरण घ्यावें. देवापुढें ठेवलेला भात इतर भाताहून चांगल्या तांदळाचा असतो असें नाहीं; तो देवासाठीं वेगळा काढला, यांतच त्याचें नैवेद्यपण. म्हणूनच पॉलनें आपल्या पत्रांतून करिंथच्या ख्रिस्ती मंडळीस 'पवित्र जन' या नांवानें हांक मारली आहे. हे करिंथकर आपसांत भांडणारे, कोर्टकचेऱ्या करणारे लोक होते, व त्याच पत्रांत पॉलनें त्यांची चांगली खरडपट्टीही काढली आहे. तरीसुद्धां ते 'पवित्र', कारण पावित्र्य ही त्यांची कमाई नसून त्यांस मिळालेलें दान होय, ही ख्रिस्ती श्रद्धेची पहिली पायरी.

परंतु दान मिळालें म्हणजे संपलें असें कोणीच मानलें नाहीं. वेगळा काढलेला मनुष्य वेगळा जगूं लागला पाहिजे. रोमन पंथाचें म्हणणें असें कीं, ईश्वराची कृपा मनुष्याचें अंतरंग खरोखर पालटते, आणि ज्याच्यांत हें पालटणें असामान्य कोटीस पोंचलें तो संत. मनुष्य एकाच वेळीं पापी व पुण्यवान दोन्ही असतो, हें ल्यूथरचें मत; त्यामुळें त्याच्या अनुयायांस निराळ्या संतवर्गाची गरज वाटेनाशी झाली. या वादांत आम्ही शिरत नाहीं. आमच्या विषयापुरतें इतकें पुरे कीं, रोमन मतानें पाहिलें तरी संत हा चमत्कार करणारा सिद्ध नव्हे. चमत्कार झालाच तर तो देव करितो, आणि 'हा मनुष्य माझ्याजवळ आहे' अशी त्यानें दिलेली ती साक्ष, असें मानितात. संताची पूजा नव्हे; त्याचा आदर, व त्यानें आपल्यासाठीं देवापाशीं रदबदली करावी अशी विनंति.

आतां ठरवितो कोण? पहिल्या हजार वर्षांत बहुधा लोकच ठरवीत. म्हणजे काकूंच्या तुकोबांची रीत तेथेंही होती. छळाच्या काळांत जे धर्मासाठीं मारले गेले त्यांच्या थडग्यांपाशीं लोक वर्षाच्या वर्षास जमत, स्थानिक बिशप त्यास मान्यता देई. पोपनें स्वतः विधिपूर्वक एखाद्यास संत जाहीर केल्याचें पहिलें निश्चित उदाहरण ९९३ सालचें, आउग्सबुर्गच्या उलरिखचें. पुढें हळूहळू सर्व अधिकार रोमकडे गेला, आणि सतराव्या शतकांत आठवा अर्बन या पोपनें पूर्वपरवानगीवांचून कोणाही मृत मनुष्याची सार्वजनिक भक्ति करण्यास बंदी घातली. तेव्हांपासून या कामास पुरें न्यायालयीन स्वरूप आलें: मृत मनुष्य प्रथम 'देवाचा सेवक', मग 'आदरणीय', मग 'धन्य', आणि शेवटीं 'संत'. त्याच्या विरुद्ध बाजू मांडण्यासाठीं एक खास अधिकारी असे व लोक त्यास थट्टेनें 'सैतानाचा वकील' म्हणत. त्याचें पूर्वीचें काम १९८३ च्या सुधारणेंत बरेंच आटोपतें घेतलें गेलें, याची आम्हांस थोडी हळहळ वाटते. ज्यास थोर म्हणावयाचें त्याच्याविरुद्ध बोलण्यासाठीं पगारी मनुष्य नेमावा, ही कल्पना आमच्या चरित्रलेखकांनीं उचलण्याजोगी आहे! मात्र या साऱ्या खटाटोपाविषयीं एक गोष्ट विसरूं नये. हें न्यायालय संत निर्माण करीत नाहीं; देवाच्या घरीं जें झालें आहे तें ओळखून जाहीर करितें, एवढाच त्याचा दावा आहे.

धर्मासाठीं मारल्या गेलेल्याचा खटला यांतल्या त्यांत सोपा समजतात. त्याला 'धन्य' म्हणण्यास चमत्काराचा पुरावा लागत नाहीं. मरण हीच साक्ष. सोपा म्हणजे लवकर निकालांत निघणारा असें मात्र नव्हे. आमच्या ठाण्यासच १३२१ सालीं चार फ्रान्सिस्कन साधु मारले गेले. त्यांपैकीं तोलेंतीनो गांवच्या तोमासास 'धन्य' ठरविण्यास १८९४ साल उजाडलें. शिवाय खरी अडचण निराळीच असते. मनुष्य मारला गेला हें उघड दिसतें; कशासाठीं मारला गेला हें दिसत नाहीं. शिक्षेनें हुतात्मा होत नाहीं, कारणानें होतो, असा ऑगस्टीनच्या काळापासूनचा दंडक आहे. त्या दंडकावर घांसून पाहण्यासारखें एक चरित्र आमच्या कोंकणांतच आहे, आणि आम्ही तीस वर्षें इतिहास शिकवीत असूनही कित्येक वर्षें तें आम्हांस केवळ नांवानें माहीत होतें, हें कबूल केलें पाहिजे. १७३९ ची वसई आम्हांस तोंडपाठ. १५९७ ची कोणाच्या गांवीं नव्हती.

गोन्सालो गार्सिया याचा जन्म वसईस १५५७ च्या सुमारास झाला. बाप पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइटांच्या हाताखालीं शिकून, पंधरा-सोळा वर्षांचा असतांना, तो त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथें त्यानें सुमारें आठ वर्षें धर्मशिक्षणाच्या कामीं मदत केली, भाषा उत्तम साधली, आणि त्या संघांत प्रवेश मागितला. तो मिळाला नाहीं. मग त्यानें व्यापार धरला व त्यांत त्याचें चांगलें चाललें. तेथेंच तो थांबता तर आज त्याचें नांव घेण्याचें कारण उरलें नसतें. पण पुढें मनिला येथें त्यानें धंदा सोडला आणि फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून प्रवेश केला. बंधु म्हणजे पाद्री नव्हे. त्यास मिस्सा करण्याचा वा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार नसतो. वाटतील तीं सेवेचीं कामें करावयाचीं, एवढाच त्याचा वांटा.

१५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कनास वकील करून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे पाठविलें. दुभाषी म्हणून बरोबर गोन्सालो गेला. येथूनच आमच्या 'सैतानाच्या वकिला'स पुष्कळ मसाला मिळतो. हिदेयोशीनें १५८७ सालींच धर्मोपदेशकांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता, जरी त्याची अंमलबजावणी कडक नव्हती. पोपनें १५८५ सालीं जपान जेझुइटांकडे राखून दिलें असतांही फ्रान्सिस्कन आले. जेझुइटांच्या पाठीशीं पोर्तुगीज, फ्रान्सिस्कनांच्या पाठीशीं स्पॅनिश, असा दोन व्यापारांचाही झगडा होता. फ्रान्सिस्कनांनीं क्योटोस देऊळ बांधलें, कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय काढलें, आणि उघड उपदेश चालविला. अशांत १५९६ च्या आक्टोबरांत 'सान फेलिपे' हें मालानें भरलेलें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. माल जप्त झाला. आमचा राजा आधीं पाद्री पाठवितो, मागून सैन्य पाठवितो, अशी फुशारकी त्या गलबतावरील मार्गदर्शकानें मारल्याचें सांगतात. खरें खोटें कसेंही असो, हिदेयोशीचा राग भडकला.

पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा क्योटोस कापला, गाड्यांतून धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यांत महिनाभर चालवीत त्यांस नागासाकीस नेलें. वाटेंत आणखी दोघे त्यांत मिळाले व एकूण सव्वीस झाले: सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, बाकी सतरा जपानी गृहस्थ व मुलें. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. या यादींतील मात्तियास नांवाच्या मनुष्याची गोष्ट आम्हांस फार विचार करावयास लावते. परंपरा अशी कीं, शिपाई हवा असलेल्या मात्तियासला हांका मारीत होते आणि तो तेथें नव्हता. तेव्हां शेजारींच राहणारा दुसराच एक गृहस्थ पुढें येऊन म्हणाला, माझेंही नांव मात्तियासच आहे. शिपायांना आंकडा पुरा करावयाचा होता, तो झाला. या मनुष्याचा स्पेनच्या राजकारणाशीं अगर गलबतावरच्या मालाशीं काय संबंध?

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीनें उभे केले व दोन्ही बाजूंनीं भाले खुपसून सर्वांस मारलें. टेकडीवर जी शिक्षेची पाटी होती तिचा आशय असा कीं, हे लोक वकिलीच्या बहाण्यानें फिलिपाइन्सहून आले आणि मनाई केलेल्या धर्माचा उपदेश करीत राहिले, यास्तव ते व त्यांचा धर्म स्वीकारणारे जपानी यांस देहान्त दिला आहे. राजकारण व धर्म हीं दोन्ही कारणें एकाच पाटीवर! ज्यांना वाटतें कीं हे परक्या राज्याचे हेर म्हणून मेले, त्यांना पाटीचें पहिलें अर्ध पुरतें. ज्यांना ते धर्मासाठीं मेले वाटतात त्यांना दुसरें.

आमचें मत दुसऱ्या बाजूस झुकतें. हिदेयोशीचा हेतु काय, हा राजकीय इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचें उत्तर 'दोन्ही' असेंच द्यावें लागेल. पण संतपदाचा प्रश्न मारणाऱ्यापुरता नाहीं. मरणाऱ्यानें तें मरण कशासाठीं पत्करलें हाही त्यांत आहे. बारा वर्षांच्या त्या मुलास धर्म सोडल्यास जीव वांचविण्याचें आमिष दाखविलें होतें, असें सांगतात. असें आमिष हेरास कोणी दाखवीत नाहीं. पाउल मिकी हा जपानी जेझुइट तर क्रूसावरूनच म्हणाला कीं, मी फिलिपाइन्सचा नव्हें, येथलाच आहे, आणि मारणाऱ्यांस त्यानें क्षमा केली. गोन्सालोपुरतें बोलावयाचें तर त्यास जपानी उत्तम येत होतें व व्यापाऱ्याचें शहाणपणही अवगत होतें. त्या ओळींतून बाजूस सरण्याची वाट ज्यांना अधिक ठाऊक असावी अशांपैकीं तो एक होता.

आमच्यांतील कांहीं वाचक येथें विचारतील कीं, ज्या सत्तेनें वसई-साष्टींत देवळें पाडलीं, गोव्यांत १५६० पासून धर्मन्यायसभेचा जाच चालविला, तिच्या मनुष्याचे गोडवे कशास? आक्षेपांतील इतिहास खरा आहे आणि तो आम्ही वर्गांत शिकवितों, पुढेंही शिकवूं. मात्र तो दुभाषी त्या सत्तेचा अधिकारी नव्हता. सत्तेच्या बळावर धर्म सांगणें निराळें, आणि सत्ता विरुद्ध असतांना धर्मासाठीं मरणें निराळें. निशिझाकावर तलवार दुसऱ्याच्या हातीं होती.

रोमचें न्यायालय या प्रकरणीं सावकाश हललें. सक्तीचे नियम करणारा तोच आठवा अर्बन. त्यानें १६२७ सालीं या हुतात्म्यांस 'धन्य' ठरविलें. 'संत' म्हणून त्यांची घोषणा नवव्या पायसनें ८ जून १८६२ रोजीं केली. म्हणजे मरणापासून दोनशें पासष्ट वर्षें! भारतांत जन्मलेला हा पहिला रोमन कॅथॉलिक संत. गोव्यांत जन्मलेले व सिंहलद्वीपांत राबलेले जोसेफ वाझ यांस तो मान २०१५ सालीं मिळाला.

प्रॉटेस्टंटांकडे असें न्यायालय नाहीं. परंतु त्यांनाही आठवणीवांचून राहवत नाहीं. इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगांत ३० एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या स्मरणाचा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून मुली आणून केडगांवास सांभाळणाऱ्या, मूळ भाषांवरून बायबल मराठींत उतरविणाऱ्या या बाई १९२२ सालीं वारल्या. त्यांच्यासाठीं चमत्कारांचा पुरावा कोणी मागितला नाहीं, वकीलही उभा केला नाहीं. पंचांगांत नांव घातलें, एवढेंच. काकूंच्या तुकोबांच्या रीतीस ही गोष्ट रोमच्या रीतीपेक्षां जवळची आहे. तुकोबांचा निवाडा वारकऱ्यांच्या मुखानें झाला आणि तो अजून रोज होत असतो. दोन्ही रीतींत चुकण्याचा संभव आहेच: न्यायालय कागदावर विसंबतें, लोक ऐकीव गोष्टींवर.

वसईजवळ गास या गांवीं गोन्सालोच्या नांवाचें ख्रिस्तमंदिर आहे, वसईंत त्याच्या नांवाचें महाविद्यालयही आहे. कासूस गेल्यावर काकूंना आम्हीं ही सर्व हकीकत सांगितली. मात्तियासच्या गोष्टीशीं त्यांनीं आम्हांस थांबविलें आणि ती पुन्हां सांगावयास लाविली.