हैदराबाद : एका नावाचे अनेक धनी

शालेय व्याकरणात विशेषनामाची व्याख्या सोपी असते. ज्या नामाने एकाच विशिष्ट व्यक्तीचा, स्थळाचा वा वस्तूचा बोध होतो, ते विशेषनाम. विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. इतिहासाचे कागद वाचताना मात्र ती अपुरी पडते. 'हैदराबाद' हेच नाव घ्या. ते तेलंगणातील शहराचे आहे आणि सिंधमधील शहराचेही आहे. १९५६ साली नकाशावरून नाहीशा झालेल्या एका राज्याचे ते आहे, इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील एका फौजेचे आहे, आणि १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये बांधलेल्या एका अवजड बाँबफेकी विमानाचेही आहे.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात मराठी शिकवताना आम्हांला या नावाला टाळून पुढे जाता येत नाही. येथील जुन्या महसुली कागदांवर ते आहे, स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत ते आहे, आणि अलीकडे ते पुन्हा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या नावाच्या एकाच अंगाचा मागोवा घेत आहोत. हे नाव शस्त्रांवर कसे गेले आणि त्या शस्त्रांचा आमच्या जिल्ह्याशी काय संबंध होता, एवढाच हा प्रश्न आहे.

प्रथम शहरांविषयी. 'हैदर' म्हणजे सिंह. हजरत अलींचे ते एक बिरुद. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये मुसी नदीकाठी शहर वसवले, ते दख्खनचे हैदराबाद. गुलाम शाह कल्होडो या सिंधच्या राज्यकर्त्याने १७६८ मध्ये नेरुणकोटच्या जागी शहर वसवले, ते सिंधचे हैदराबाद. दोन्हींच्या नावात अलींचेच स्मरण आहे. घोटाळा टाळण्यासाठी इंग्रजी अमदानीत 'हैदराबाद (सिंध)' आणि 'हैदराबाद (दख्खन)' असे लिहिण्याची पद्धत पडली.

आजच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. म्हणजे सोलापूरचा मनुष्य सिंधमधील हैदराबादच्या रहिवाशाबरोबर एकाच इलाख्यात नांदत होता; आणि त्याच सोलापूरहून सत्तरएक किलोमीटरवर असलेल्या धाराशिवचा मनुष्य मात्र वेगळ्या राज्यात, दुसऱ्या हैदराबादच्या अमलाखाली होता. भाषा एक, देवी तुळजाभवानी एक. पण 'हैदराबाद' म्हणताच दोघांच्या मनात उभे राहणारे चित्र एक नव्हते. सोलापूरकराला ते एक शहर होते. धाराशिवकराला ते सरकार होते.

या सरकारचे नाव एका फौजेला मिळाले होते. 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेचा खर्च निजामाच्या माथी, अंमलदार इंग्रज, आणि हुकूम रेसिडेंटचा, अशी तिची व्यवस्था होती. खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहाने कंपनी सरकारने या फौजेच्या खर्चासाठी निजामाचे काही मुलूख आपल्या ताब्यात घेतले. वऱ्हाड त्यांत होते, रायचूर दुआब होता, आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही होता. नळदुर्गला कारभार पाहण्यासाठी आलेला अधिकारी साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा मेडोज टेलर तो हाच. तो स्वतः निजामाच्या नोकरीत वाढलेला होता, आणि १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'तारा' या कादंबरीत तुळजापूर येते, ते या सहवासामुळेच.

धाराशिवचा मुलूख १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. परंतु मधल्या सात वर्षांत काय घडले ते ध्यानात घेणे अगत्याचे आहे. १८५८ मध्ये सर ह्यू रोझने मध्य हिंदुस्थानात झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध जी मोहीम चालवली, तिच्यात हैदराबाद कंटिंजंटच्या तुकड्या होत्या. ज्या फौजेसाठी नळदुर्गच्या रयतेचा सारा लावून दिला होता, ती झाशीवर चालून गेलेल्या सैन्यात होती. नाव हैदराबादचे, पैसा रयतेचा, हुकूम इंग्रजांचा. हा तिपेडी व्यवहार पुढे जवळजवळ शतकभर निरनिराळ्या रूपांत चालू राहिलेला दिसतो.

ही फौज १९०३ मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या पलटणींतून १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. त्या वेळेपर्यंत तिच्यात कुमाऊंचे डोंगरी शिपाई मोठ्या संख्येने होते. ज्यांच्यापैकी अनेकांचा हैदराबादशी काहीही संबंध नव्हता, ते हैदराबादचे नाव खांद्यावर मिरवीत होते. १९४५ मध्ये तिचे नाव 'कुमाऊं रेजिमेंट' झाले. पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे १९४२ मध्ये सैन्यात दाखल झाले ते हैदराबाद रेजिमेंटमध्ये आणि १९४७ मध्ये धारातीर्थी पडले ते कुमाऊं रेजिमेंटचे अधिकारी म्हणून. पलटण तीच, नाव बदलले होते.

आता विमानांकडे वळू. १९१८ हे साल हैदराबादच्या इतिहासात तीन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना इंग्रज सरकारकडून इतर संस्थानिकांहून वरचढ असा किताब मिळाला. त्याच वर्षी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आणि त्याच वर्षी निजामाने दिलेल्या पैशातून घेतलेली 'डी. एच. ९ ए' जातीची बाँबफेकी विमाने रॉयल एअर फोर्सच्या ११० व्या स्क्वाड्रनला मिळाली. प्रत्येक विमानावर देणगीदाराच्या नावाचा उल्लेख रंगवलेला होता. स्क्वाड्रनच्या नावात 'हैदराबाद' हा शब्द आला आणि तिच्या चिन्हात निजामाच्या मानचिन्हातील वाघ. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून या विमानांनी फ्रँकफुर्टसारख्या जर्मन शहरांवर बाँब टाकले.

हीच स्क्वाड्रन दुसऱ्या महायुद्धात ४ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, जर्मन युद्धनौकांवरील पहिल्या इंग्रज बाँबहल्ल्यात होती. त्या युद्धात १५२ व्या स्क्वाड्रनलाही हैदराबादचे नाव मिळाले. तिच्या चिन्हात निजामाची पगडी आहे आणि ब्रीदवाक्याचा अर्थ 'विश्वासू दोस्त' असा आहे. निजामाच्या पदवीतलेच हे शब्द.

या देणगीचा पैसा कोठला? हैदराबाद संस्थानात दिवाणी मुलखाचा महसूल राज्याच्या खजिन्यात आणि 'सर्फ-ए-खास'चा महसूल निजामाच्या खासगीत जमा होई. दोन्हींचे मूळ मुख्यतः जमिनीच्या साऱ्यात होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही मराठी जिल्हे तो सारा भरत होते. परंड्याच्या वा कळंबच्या कुणब्याला फ्रँकफुर्ट हे नाव ऐकूनही माहीत असण्याचे कारण नव्हते. तरीही त्या आकाशातील विमानांच्या किमतीत त्याच्या ज्वारीचा वाटा होता. त्याच्या मुलाला स्वतःच्या भाषेत वरचे शिक्षण घेण्याची सोय मात्र त्या राज्यात नव्हती.

ज्या विमानाचे स्वतःचेच नाव 'हैदराबाद' होते, ते मात्र या देणगीतले नव्हे. हँडले पेज कंपनीचे हे विमान ऑक्टोबर १९२३ मध्ये प्रथम उडाले आणि डिसेंबर १९२५ मध्ये ९९ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. दुहेरी पंख, दोन 'नेपियर लायन' इंजिने, चार माणसे, सुमारे पाचशे किलो बाँबचा भार. आणि सांगाडा लाकडाचा. इंग्रज हवाई दलातील लाकडी बांधणीचे हे शेवटचे अवजड बाँबफेकी विमान. अशी ४५च्या आसपास विमाने बांधली गेली आणि १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती निवृत्त झाली. या कंपनीची पुढची बाँबफेकी विमाने पाहावीत : हिनैदी, हेफर्ड, हॅरो, हॅलिफॅक्स. हिनैदी ही बगदादजवळची छावणी. बाकीची इंग्लंडमधील गावे. सगळी स्थळनामे, आणि सगळी कंपनीच्या 'ह'ने सुरू होणारी. लायन इंजिनावर उडणाऱ्या या विमानाच्या नावातही सिंहच होता, हा योगायोग.

येथे नावाची शेवटची पायरी दिसते. कंटिंजंटच्या नावामागे निदान तहाचा कागद होता, ११० व्या स्क्वाड्रनच्या नावामागे देणगी होती. या विमानाच्या नावाला हैदराबादच्या कोणाचीही सही लागली नाही. साम्राज्याच्या नकाशावर एक गाव होते, त्याचे आद्याक्षर जुळत होते. बगदादची छावणी, यॉर्कशरचे गाव आणि दख्खनची राजधानी एकाच यादीत बसली. गंमत अशी की या 'हैदराबाद'ने युद्धात एकही बाँब टाकला नाही. त्याची सारी सेवा शांततेच्या काळात झाली.

खरी विमाने आमच्या जिल्ह्याच्या वाटेने आली ती १९४८ साली, आणि त्यांचे नाव वेगळे होते. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले. पहिली लढाई नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. समोर 'पहिली हैदराबाद इन्फंट्री' होती. तुळजापूरला दोन तास प्रतिकार झाला. त्याच दिवशी दुपारी रणगाडे उमरग्याला पोचले. दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पूर्वेस, राजेश्वरच्या वाटेवरील मोर्चांवर भारतीय हवाई दलाने हल्ले केले, ते 'टेम्पेस्ट' विमानांनी. टेम्पेस्ट म्हणजे तुफान. शेक्सपिअरच्या नाटकाचे नाव तेच. इंग्लंडमध्ये घडलेली ही विमाने आता स्वतंत्र भारताची होती. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

या साऱ्या लष्करी मोहिमेला नाव मिळाले 'पोलीस ॲक्शन'. आमच्या मते नावांच्या अभ्यासकाने सर्वांत अधिक थांबावे ते येथे. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा त्या वेळच्या याच जिल्ह्यातील लातूरचा वकील. रझाकारांनी गावोगाव केलेल्या अत्याचारांच्या आठवणी येथे घरोघरी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. त्याचबरोबर कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, तेही खरे आहे. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने राज्यभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित होता. 'पोलीस ॲक्शन' या नावात ना रणगाडे दिसतात, ना ही प्रेते. 'मुक्तिसंग्राम' हे नाव पहिल्या अर्ध्या भागाला न्याय देते. दुसऱ्या भागाला अजून आमच्या भाषेत नाव नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन राज्यांत वाटणी पूर्ण झाली. पण नाव मागे राहिले. उमरग्याच्या पलीकडचा कानडी प्रदेश 'हैदराबाद-कर्नाटक' म्हणून ओळखला जाई. २०१९ मध्ये त्याचे 'कल्याण कर्नाटक' झाले. अनंत भालेराव यांच्या इतिहासग्रंथाच्या शीर्षकात 'हैदराबाद' आणि 'मराठवाडा' ही दोन्ही नावे शेजारी शेजारी उभी आहेत. मराठवाड्याची पोरे ज्या दिवशी सुटी उपभोगतात तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. ज्या राज्यापासून मुक्ती मिळाली, त्याचे नाव दिनाच्या नावात नाही. उलट २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने कुणबी नोंदींच्या पुराव्यासाठी 'हैदराबाद गॅझेट'चा आधार मान्य केला आणि जे नाव आजोबांनी रागाने टाकले होते, ते नातवंडे आशेने शोधू लागली.

आमच्या शहराचेही असेच झाले. जिल्ह्याचे ठाणे १९०४ मध्ये नळदुर्गहून धाराशिवला आले आणि पुढे धाराशिवला उस्मान अलींचे नाव मिळाले. जानेवारी २०२० मध्ये येथे भरलेले ९३ वे साहित्य संमेलन कागदोपत्री 'उस्मानाबाद'चे आहे. २०२३ मध्ये शहर व जिल्हा पुन्हा धाराशिव झाले. जुने नाव परत आले याचा आनंद अनेकांना आहे, दुःख काहींना आहे. दोन्ही भावना समजण्याजोग्या आहेत. परंतु पाटी बदलल्याने दप्तर बदलत नाही. ज्या विद्यार्थ्याला 'उस्मानाबाद', 'नळदुर्ग जिल्हा' आणि 'हैदराबाद' ही नावे आपल्याच आजोबांच्या पत्त्याची आहेत हे कळणार नाही, त्याला आपल्या घरचा कागद परका वाटेल.

म्हणून आमची विनंती एवढीच की, वर्गात 'हैदराबाद' हे नाव आले की ते कोठे आहे असे विचारून थांबू नये. हे नाव कोणी दिले, कोणाच्या पैशाने ते चालले आणि कोणाच्या हुकुमात राहिले, हे तीन प्रश्न पुढे विचारावेत. झाशीवर गेलेली फौज, फ्रँकफुर्टवर गेलेली विमाने आणि नळदुर्गच्या पुलावर उभी राहिलेली पलटण यांचे नाव एकच होते. त्या तिन्हींच्या खर्चात धाराशिवच्या शेतकऱ्याचा वाटा होता, आणि त्यांपैकी एकीलाही हुकूम देण्याचा अधिकार त्याला कधी नव्हता.