मोझेक नकाशा (प्रतिमासंपादन)

नकाशा लहान रंगीत तुकडे जडवून घडवल्यासारखा दिसावा, यासाठी प्रतिमासंपादन प्रणालीत केल्या जाणाऱ्या संस्करणास मोझेक परिणाम म्हणतात. गिंप या मुक्त प्रणालीतील मोझेक फिल्टरमध्ये चौकोनी, षट्कोनी, त्रिकोणी इत्यादी तुकडे निवडता येतात. त्यांचे आकारमान, उंची, परस्परांतील अंतर आणि प्रकाशाची दिशाही ठरवता येते. तुकडे मोठे घेतल्यास किनारे व नद्यांची वळणे पुसट होतात आणि अक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून फिल्टर केवळ भूभागाच्या स्तरावर लावून स्थलनावे वरच्या स्वतंत्र स्तरावर ठेवतात. जॉर्डनमधील मादाबा येथील सहाव्या शतकातील प्रत्यक्ष मोझेक नकाशात मात्र ग्रीक स्थलनावेही तुकड्यांतूनच रचलेली असून, बारीक तुकड्यांमुळे ती वाचता येतात.