भिलाईतील नेतृत्वघडणीचे दोन धडे

नेतृत्वविकास म्हटले की तुमच्या वहीत भाषणकला, आत्मविश्वास, वेळेचे नियोजन एवढेच उतरते. मी भिलाईत शिकवतो. या गावाचा इतिहास वाचताना मला एक वेगळीच कसोटी सापडली: नेता बाजूला झाल्यावर काम कोण चालवतो?

पहिला धडा पोलाद कारखान्याचा. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. उभारणीच्या काळात सोव्हिएत अभियंत्यांचे नेतृत्व वेनियामिन दिमशित्स यांच्याकडे होते. पण केवळ यंत्रे आणून कारखाना चालत नाही. आपले तरुण अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले. परत आल्यावर ते परदेशी तज्ज्ञांच्या बरोबरीने, दुभाष्यांच्या मदतीने, भट्टीपाशी उभे राहून काम शिकले. सुरुवातीची क्षमता वर्षाला १० लाख टनांची होती, ती १९६७ मध्ये २५ लाख टनांवर गेली. पुढे पाहुणे परतले, भट्ट्या चालूच राहिल्या. शिकवणाऱ्याची गरज कमी होत जाणे हेच त्या शिकवणुकीचे यश होते.

दुसरा धडा याच कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा खाणींचा. तिथे ठेकेदारांच्या हाताखाली स्त्री-पुरुष हातांनी खनिज फोडत. १९७७ मध्ये त्यांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याचे नेते शंकर गुहा नियोगी एकेकाळी भिलाई कारखान्यातच कामगार होते. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात कामगार मारले गेले. संघटनेने मजुरीची लढाई लढलीच, शिवाय दारूबंदी, शिक्षण आणि आरोग्य ही कामेही अंगावर घेतली. गोळीबारातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू झाले. ते कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभे राहिले. खाणकामगारांच्या घरातली मुले-मुली तिथे डॉक्टरांच्या हाताखाली आरोग्यसेवक म्हणून तयार झाली.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत नियोगी झोपेत असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. पुढे संघटनेत मतभेद झाले, फुटीही पडल्या. म्हणजे एका माणसावर जे टेकले होते ते हलले. रुग्णालय मात्र चालत राहिले, कारण रोजचे काम जाणणारी माणसे तिथे आधीच उभी होती.

दोन्ही उदाहरणे सारखी नाहीत. एक सरकारी कारखाना, दुसरी त्याच्याच खाणीतल्या मजुरांची चळवळ. दोघांत संघर्षही झाला. पण धडा दोन्हीकडे एकच आहे. व्यक्तिमत्त्वविकास म्हणजे स्वतः उंच होणे एवढेच नव्हे. आपले काम दुसऱ्याच्या हातात बसेपर्यंत धीर धरणे हाही त्याचाच भाग. हे अवघड असते, कारण आपल्यावाचून अडते यातच आपल्याला मोठेपणा वाटतो.

स्वाध्याय : तुमच्या प्रकल्पगटातले असे एक काम लिहा, जे तुमच्याशिवाय कोणालाच येत नाही. ते या आठवड्यात कोणाला शिकवाल?