तान्ह्या बाळाचे पुरळ व घरगुती उपचार : थोडा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी पुष्कळ विषय मनाशी घोळवले. अखेर जो विषय निवडला तो ऐकून कदाचित हसू येईल. लंगोटाच्या जागी बाळाला उठणारे पुरळ, म्हणजे आपण ज्याला साध्या भाषेत ‘बूड लाल होणे’ म्हणतो, तो हा विषय. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच आपल्याला आठवते. परंतु ज्या दुखण्याने घरोघरच्या आयांच्या झोपा उडवल्या, त्यालाही इतिहास आहे, आणि तो बव्हंशी बायकांच्या हातांनी घडलेला आहे.

विषय सुचण्याला कारण घरातच घडले. गेल्या पावसाळ्यात माझ्या चार महिन्यांच्या नातवाला असे पुरळ उठले. शी झाली की पोर किंचाळू लागे. मी म्हटले, खोबरेल लावा. विहीणबाई म्हणाल्या, हळद लावा. शेजारच्या आजींनी वेखंडाची पूड आणून दिली. सूनबाईने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “आई, पण ह्यातले खरोखर कशाने बरे होते आणि कशाने बाळाला अपाय होतो, हे कोणी पाहिले आहे का?” मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता जे वाचनात आले, ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही की, हे दुखणे आजच्या डायपरमुळे आलेले नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात लहानसहान विकारांच्या यादीत ‘अहिपूतन’ नावाचा मुलांचा विकार सांगितला आहे. मलमूत्राने भरलेले बाळाचे अंग धुतले नाही, किंवा घामेजलेल्या बाळाला न्हाऊ घातले नाही, म्हणजे त्या जागी खाज सुटते, खाजवल्याने फोड येतात आणि ते वाहू लागतात, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. पुढे वाग्भटानेही ह्या विकाराचे वर्णन केले व त्याची गुदकुट्ट, पृष्ठारु, मातृकादोष अशी आणखी नावे दिली. ग्रहपीडा, दृष्ट, बाहेरची बाधा ह्यांची चर्चा त्याच ग्रंथांत अन्यत्र भरपूर असताना, ह्या एका दुखण्याचे कारण मात्र त्या वैद्यांनी ‘न धुणे’ असे सरळ सांगावे, ह्याचे मला फार नवल वाटले.

उपचार सांगतानाही आधी दूध पाजणारीचे दूध शुद्ध करा, असे सुश्रुत म्हणतो. मग त्रिफळा, बोर आणि खैर ह्यांच्या काढ्याने जागा धुवा, असे सांगतो. वाग्भट दारुहळदीपासून केलेल्या रसांजनाचा लेप सुचवतो. येथवर वाचून आपल्याला पूर्वजांचा अभिमान वाटेल, आणि तो वाटावाही. परंतु पुढचे वाचले पाहिजे. सुश्रुताच्याच एका लेपात हिराकस, मोरचूद आणि हरताळ आहेत. हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचे विष. सोललेल्या कातडीतून असले द्रव्य अंगात भिनते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ग्रंथातले कारण घ्यावे, धुण्याचा उपदेश घ्यावा, आणि तो लेप मात्र ग्रंथातच राहू द्यावा, हे बरे.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या आज्यांच्या काळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असे, ओवा-वेखंडाची धुरी असे, आणि बाळासाठी जुन्या नऊवारी लुगड्यांची बाळोती फाडून ठेवलेली असत. नवे कापड बाळाला कधी लावीत नसत. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले लुगडेच त्या कामाचे. ती बाळोती दिवसातून पंधरा-वीस वेळा बदलावी लागत, विहिरीवर किंवा नदीवर नेऊन धुवावी लागत, आणि उन्हात खडखडीत वाळवावी लागत. पुष्कळ वेळ बाळ नुसतेच उघडे असे. अंगाला तेल, न्हाऊ घालताना डाळीचे पीठ, आणि लाल दिसले तर खोबरेल किंवा घरचे तूप. कोठे कोठे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप लावीत. हे झाले औषध. पण मला विचाराल तर ह्यात तुपाचा वाटा चार आणे आणि बदलण्या-धुण्याचा बारा आणे.

हे धुणे कोण करी, हेही सांगितले पाहिजे. घरची सासू, नणंद, मावशी करी. आणि जेथे सुईण किंवा न्हाऊ घालणारी बाई येई तेथे ती करी. पुष्कळ गावी ही सुईण, समाजाने ज्यांना अस्पृश्य ठरवले अशा जातींतली असे. बाळ जन्माला तिच्या हातांत येई, त्याची घाण ती काढी, आणि तरी पुढे त्याच घराचा उंबरा तिला बंद असे. तिच्या हातांतले शहाणपण कोणी पोथीत लिहून ठेवले नाही. जुने लुगडे आणि पसाभर धान्य एवढ्यावर तिची बोळवण झाली. ‘आजीबाईचा बटवा’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्या बटव्यात ह्या अनाम बायकांचेही पुष्कळ आहे, हे विसरू नये.

मात्र जुने ते सगळेच सोने, असेही नाही. बाळाच्या नाळेला शेण किंवा राख लावण्याची चाल आपल्या देशात अनेक ठिकाणी होती. तीही ‘नैसर्गिक’च. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, आणि त्या चालीने असंख्य बाळे जन्मल्यापासून आठवड्या-दोन आठवड्यांत दगावली. सुइणींना शिक्षण, मातांना लस आणि स्वच्छ प्रसूती ह्यांमुळे हे संकट हटत गेले, आणि २०१५ साली आपल्या देशातून माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

ह्या वाटेवर आपल्या मराठी भगिनींचा वाटा मोठा आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ अवघे दहा दिवस जगले. त्याच आनंदीबाईंनी अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळवली, आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. जुने ज्ञान नव्या विद्येच्या उजेडात पाहावे, हे त्यांना तेव्हाच उमगले होते. पुढे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले, आणि तेथून परिचारिकेचे व सुइणीचे शिक्षण घेतलेल्या बायका बाहेर पडू लागल्या.

ह्यानंतरचा काळ डब्यांचा. पांढरी, सुवासिक, मऊ पावडर घरोघर आली, आणि तिच्याबरोबर बोरिक पावडरही आली. माझी स्वतःची कबुली येथेच देते. माझी थोरली मुलगी १९७६ साली जन्मली. तिला पुरळ उठले तेव्हा मी बोरिक पावडर फासली होती. सगळ्याच बायका फाशीत, म्हणून मीही. माझ्या आजेसासूबाई कुरकुरत, “अगं, पूड कसली टाकतेस, पोरीला जरा वारा लागू दे.” मी शिकलेली, त्यांचे ऐकले नाही. मुलीला काही झाले नाही, हे माझे भाग्य. आता वाचले तेव्हा अंगावर काटा आला. कारण १९५३ सालीच गोल्डब्लूम ह्या डॉक्टर पितापुत्रांनी बोरिक विषबाधेच्या १०९ रुग्णांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या होत्या, आणि त्यांत तान्ह्या बाळांची संख्या मोठी होती. धड कातडीतून बोरिक फारसे आत जात नाही. पण सोललेल्या कातडीतून जाते. म्हणजे नेमके जेथे आम्ही ते लावीत होतो, तेथूनच.

त्याहून भयंकर गोष्ट फ्रान्समध्ये १९७२ साली घडली. तेथे बाळांच्या एका पावडरीत कारखान्यातील चुकीने हेक्साक्लोरोफीन नावाचे जंतुनाशक मोठ्या प्रमाणात मिसळले गेले. त्या पावडरीने छत्तीस मुले दगावली. त्या आयांनी आपापल्या बाळाचे पुरळ बरे व्हावे म्हणूनच तो डबा उघडला असेल ना? शंखजिऱ्याची साधी पावडरसुद्धा बाळाच्या श्वासातून फुप्फुसांत जाते. म्हणून आज बालरोगतज्ज्ञ तान्ह्या मुलाला कसलीही पूड लावू नका असे सांगतात. वेखंडाची पूडही ह्याला अपवाद नाही. शिवाय ती सोललेल्या जागी झोंबते.

आता विज्ञानाने काय सांगितले ते थोडक्यात. १९२१ साली कुक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी असे मांडले की, मलातले जंतू लघवीपासून अमोनिया तयार करतात आणि त्याने कातडी भाजते. पुष्कळ वर्षे हेच खरे मानले गेले. परंतु १९७७ साली लेडन व त्यांच्या सहकाऱ्यांना पुरळ असलेल्या आणि नसलेल्या बाळांच्या अमोनियात फरक आढळला नाही. पुढे १९८६ साली बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडे उलगडले. ओलाव्याने कातडी आधी भिजून नरम पडते. मग लघवी आणि शी एकत्र आली की तेथे क्षार वाढतो, आणि त्या क्षारामुळे शीमधले पाचक रस जोर धरून कातडीच पचवू लागतात. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी कमी क्षारयुक्त असते, म्हणून त्याला हा त्रास बहुधा कमी होतो. सुश्रुताने मलमूत्र आणि न धुणे ह्यांवर बोट ठेवले होते. ते बोट योग्य जागी होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि डायपर? त्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. १९६१ साली अमेरिकेत पॅम्पर्स बाजारात आले. १९८० नंतरच्या दशकात पाणी शोषून धरणारे चूर्ण त्यांत घालू लागले, तेव्हापासून बाळाची कातडी ओल्या बाळोत्यापेक्षा अधिक कोरडी राहते, असे दिसून आले आहे. दोष डायपरचा नाही, तो आठ-आठ तास न बदलण्याचा आहे. ओले बाळोते तसेच ठेवले तर तेही तितकेच वाईट. साबण किंवा सोडा नीट न खळबळता वाळवलेले बाळोते तर अधिकच. कारण साबणाचा क्षार कापडात राहतो.

तेव्हा सूनबाईच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. शी झाल्याबरोबर कोमट पाण्याने धुवावे, साबण रोज चोळू नये, सुती कापडाने टिपावे, घासू नये. दिवसातून काही वेळ बाळाला उघडे ठेवावे. वाऱ्याइतके स्वस्त औषध दुसरे नाही. मग शुद्ध खोबरेलाचा किंवा जस्तापासून केलेल्या पांढऱ्या मलमाचा जाड थर द्यावा, म्हणजे ओल कातडीला भिडत नाही. आईचे दूध लावण्याची जुनी चालही अगदीच वेडगळ नव्हे. इराणमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचा गुण सौम्य स्टेरॉइड मलमाइतका आढळला. मात्र हळद, लिंबू, खाण्याचा सोडा, बोरिक आणि कसलीही पूड सोललेल्या जागी लावू नये. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, जांघेच्या वळ्यांत गडद लाली आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्या, पू किंवा रक्त आले, अथवा ताप आला, तर बटवा बंद करून डॉक्टरांकडे जावे. पुष्कळदा ती बुरशी असते, आणि तिला खोबरेल पुरे पडत नाही.

आमच्या नातवाचे तसेच निघाले. डॉक्टरांनी बुरशीचे मलम दिले, आणि जाता जाता म्हणाले, “आजी, वारा लागू द्या.” माझ्या आजेसासूबाई पन्नास वर्षांपूर्वी हेच सांगत होत्या. त्यांना मी तेव्हा उत्तर दिले होते, ह्याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

भगिनींनो, ह्या सगळ्या इतिहासात लेप बदलले, डबे आले आणि गेले, पण एक उपाय टिकला, तो म्हणजे वेळेवर धुणारा हात. तो हात आजवर बाईचाच होता. आज सुना नोकरीला जातात, आज्यांचे गुडघे दुखतात, आणि सुईण आता दारी येत नाही. मग तो हात बाबाचाही असावा, आजोबांचाही असावा. आमच्या घरी हल्ली रात्रीचे बदलणे चिरंजीवांकडे आहे. पहिले चार दिवस त्यांनी नाक मुरडले. आता बाळ रडले की कोणाच्या आधी तेच उठतात.