पेटी काळी एकची, वाजते भलतीच

खंजिरी म्हटली की आमच्या अमरावती जिल्ह्यात यावली आणि मोझरी. तुकडोजी महाराज 1909 साली यावलीत जन्मले, 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज उभारला, आणि खंजिरीवरचं भजन वऱ्हाडभर गेलं. आमचं मंडळ त्याच वळणाचं. पूर्वी सगळे एका सतरंजीवर बसत, मधे एकच टेपरेकॉर्डर. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावे, कुठेही लावा. मोठ्या रिळाचं तसं नव्हतं. 9.5 की 19, हे डब्यावर लिहावं लागे. चुकलं की आवाज अख्खं सप्तक चढे, नाहीतर उतरे.

आता पेटीवाला अकोल्यात राहतो, खंजिरी माझ्याकडे. तो मोबाइलवर पेटी मुद्रित करून पाठवायचा, सेकंदाला 48,000 वेळा मोजलेले आवाजाचे नमुने; माझं काम 44,100 वर चालायचं. सॉफ्टवेअरनं त्याची फाइल 44,100 ची समजून वाजवली. ऐकून तो म्हणाला, ‘‘काहून गा भाऊ, पेटी उतरली काय?’’ उतरलीच होती, जवळजवळ दीड पट्टी. काळी एकचा सूर पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधे पडला. तिथे पट्टीच नाही. दहा मिनिटांचं भजन पावणेअकरा मिनिटांच्या वर गेलं.

48,000 आणि 44,100 हे दोन आकडे आले कुठून? 1970 च्या दशकाच्या शेवटी डिजिटल आवाज साठवायला सोयीची जागा म्हणजे व्हिडिओ टेप. टीव्हीच्या एका रेषेत तीन नमुने बसवत. अमेरिकी-जपानी पद्धतीत 245 रेषा, सेकंदाला 60 वेळा. युरोपी पद्धतीत 294 रेषा, 50 वेळा. दोन्हीकडे गुणाकार 44,100. 1982 साली आलेल्या सीडीनं तोच आकडा उचलला. स्टुडिओ आणि व्हिडिओवाल्यांनी 48,000 धरला, कारण चित्रपटाच्या 24 आणि टीव्हीच्या 25 चौकटींनी त्याला निःशेष भाग जातो. कॅमेऱ्यातून तो मोबाइलमध्ये आला. 44,100 आणि 48,000 यांचं प्रमाण 147 ला 160, म्हणून हिशेब सरळ जुळत नाही.

फाइलवरचा आकडा नुसता बदलला तर सूर हलतो. नमुने नव्यानं मोजून रूपांतर केलं तर सूर जागेवर राहतो. मंडळात आता सगळे 48,000 वर वाजवतात आणि रिळाच्या डब्यासारखा तो आकडा फाइलच्या नावात लिहितात. तरी दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत चालत नाहीत. तासाभराच्या कीर्तनात पेटी आणि खंजिरी हळूहळू फाकतात. म्हणून आरंभी एक टाळी, शेवटी एक टाळी. त्या जुळवल्या की मधलं सावरता येतं.