आनुवंशिक कंपवातातील हृदयगती व स्वायत्त चेतासंस्था

आनुवंशिक कंपवात म्हणजे विशिष्ट जनुकातील बदलामुळे होणारा किंवा त्या बदलामुळे ज्याचा धोका वाढतो असा कंपवात (पार्किन्सन रोग) होय. हातांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा ही त्याची परिचित लक्षणे आहेत. मात्र हृदय, रक्तवाहिन्या, आतडी व मूत्राशय यांचे कार्य आपोआप चालवणारी स्वायत्त चेतासंस्थाही या रोगात बाधित होते. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली केलेल्या मूळ वर्णनातही बद्धकोष्ठाचा उल्लेख आहे. बाहेरून सारखाच दिसणारा कंप कोणत्या जनुकामुळे उद्भवला, यावर हृदयाच्या चेता शाबूत राहतात की नष्ट होतात हे बऱ्याच अंशी अवलंबून असते.

हृदयगतीचे नियमन

हृदयाचा ठोका उजव्या कर्णिकेतील पेशींच्या एका लहान समूहात निर्माण होतो. परानुकंपी चेतासंस्थेतील व्हेगस चेता त्याची गती कमी करते, तर अनुकंपी चेता ती वाढवतात. या दोहोंच्या ओढाताणीमुळे निरोगी माणसाचे ठोके घड्याळासारखे समान अंतराने पडत नाहीत; श्वास घेताना ते किंचित जलद व सोडताना मंद होतात. या चढउतारास हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. नियमित नाडी हे आरोग्याचे लक्षण, अशी सर्वसाधारण समजूत असली तरी ठोक्यांमधील हा सूक्ष्म फरक नाहीसा होणे हे चेतांच्या बिघाडाचे चिन्ह असू शकते. कंपवातात ही परिवर्तनशीलता सहसा घटते.

जनुकानुसार आढळणारे भेद

एसएनसीए हे जनुक आल्फा-सायन्यूक्लीन नावाचे प्रथिन तयार करते. त्यातील उत्परिवर्तनाचा शोध 1997 साली मूळच्या इटलीतील एका कुटुंबात व काही ग्रीक कुटुंबांत लागला. त्याच वर्षी, कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत दिसणारे ल्युई पिंड याच प्रथिनाचे बनलेले असतात हेही स्पष्ट झाले. हे प्रथिन हृदयाकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतांमध्येही साठते. काही कुटुंबांत या जनुकाच्या जादा प्रती असतात. म्हणजे प्रथिन सदोष नसते, केवळ अधिक बनते. अशा रुग्णांतही हृदयाच्या अनुकंपी चेता नष्ट झालेल्या आढळल्या आहेत.

पार्किन जनुकाचे चित्र याच्या अगदी उलट आहे. जपानी संशोधकांनी 1998 साली शोधलेल्या या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास कंपवात पुष्कळदा चाळिशीच्या आतच सुरू होतो. परंतु बहुतेक रुग्णांत ल्युई पिंड आढळत नाहीत आणि हृदयाच्या चेताही बहुधा सुरक्षित राहतात. रोग लवकर जडला म्हणजे तो सर्वच अंगांनी तीव्र असणार, हे अनुमान येथे चुकते.

एलआरआरके2 (शोध 2004) हे जनुक या दोहोंच्या मध्ये येते. त्याच्या प्रथिनाला ‘दार्दारिन’ असेही नाव असून ते थरथर या अर्थाच्या बास्क भाषेतील शब्दावरून पडले आहे. त्याचे सर्वाधिक परिचित उत्परिवर्तन उत्तर आफ्रिकेतील बर्बर-अरब व अश्केनाझी ज्यू समाजांत विशेषत्वाने आढळते; भारतीय रुग्णांत ते विरळा आहे. या रुग्णांपैकी काहींच्या मेंदूत ल्युई पिंड असतात, काहींच्या नसतात. हृदयाच्या चेतांची हानीही तशीच असमान असते व सरासरीने ती सामान्य कंपवातापेक्षा कमी भरते. हृदयगतीच्या परिवर्तनशीलतेतील घटही त्यांच्यात तितकी ठळक दिसत नाही.

जीबीए1 या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास गौशे रोग होतो. एकच सदोष असल्यास कंपवाताचा धोका वाढतो. अशा रुग्णांत स्वायत्त लक्षणे व स्मृतिभ्रंश यांचे प्रमाण अधिक असते.

तपासणी

एमआयबीजी चाचणीत अनुकंपी चेतांमध्ये शोषले जाणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन हृदयाचे चित्र घेतात. चेता नष्ट झाल्या असतील तर हृदय चित्रात जवळजवळ दिसतच नाही. मात्र चित्र स्वच्छ आले म्हणून कंपवात नाही असे ठरत नाही, हे पार्किनच्या उदाहरणावरून उघड आहे.

साधी चाचणी रक्तदाबमापकावर होते. रुग्ण उभा राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 एककांनी (मिमी पारा) उतरल्यास त्यास उत्थानजन्य अल्परक्तदाब म्हणतात. अशा वेळी निरोगी हृदय वेग वाढवून भरपाई करते. वरचा दाब जितका उतरला त्याच्या निम्म्याहून कमी ठोके दर मिनिटास वाढले, तर दोष चेतांमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. उदाहरणार्थ, दाब 30 ने उतरूनही नाडी केवळ 6 ने वाढणे. मधुमेह, वाढते वय व बीटा-रोधक औषधे यांनीही नाडीचा प्रतिसाद मंदावतो. म्हणून नाडीवरून जनुक ओळखता येत नाही.

व्यवहारातील परिणाम

उठताना भोवळ येऊन पडणे व त्यातून खुब्याचे हाड मोडणे हा या बिघाडाचा सर्वांत मोठा धोका आहे. लेव्होडोपा या मुख्य औषधानेही रक्तदाब आणखी उतरू शकतो. त्यामुळे मात्रा वाढवण्यापूर्वी आडव्या व उभ्या अशा दोन्ही स्थितींत रक्तदाब व नाडी मोजणे इष्ट असते. केवळ बसवून घेतलेल्या मापनात हा दोष सहज निसटतो. सावकाश उठणे, पुरेसे पाणी पिणे, पायांना घट्ट मोजे घालणे आणि गरजेनुसार फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा मिडोड्रिन देणे हे उपाय मूळ जनुक कोणतेही असले तरी सारखेच आहेत.