मोल्सवर्थ मूलवाडीकर

"मोल्सवर्थ आण रे," असं आजोबा म्हणाले की कपाटातला तो जाडजूड कोश उचलून आणायचं काम माझं. मला ते पुस्तकाचंच नाव वाटायचं. पुढे इंग्रजी थोडं कळायला लागलं तेव्हा शोध लागला: मराठीत मोल म्हणजे किंमत, इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमतच! कोशकाराला याहून शोभणारं आडनाव कुठलं?

खरी हकीकत मात्र वेगळीच निघाली. मोल्सवर्थ हे इंग्लंडमधलं एक लहानसं खेडं. पूर्वी हंटिंग्डनशरमध्ये होतं, आता केंब्रिजशरमध्ये मोडतं. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदीत, ते सापडतं. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपली वाडीच म्हणा ना. ही वाडी 'मूल' नावाच्या कुणाची तरी. आणि मूल म्हणजे खेचर! कुणीतरी चिडवायला ठेवलेलं नाव गावाला चिकटलं, गावाचं माणसांना. थोडक्यात, आपलं मूलवाडीकर. फक्त 'कर' लावायचे कष्ट इंग्रजांनी घेतले नाहीत.

गाव मागे राहिलं, आडनाव फिरत राहिलं. रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ साली आयर्लंडचे व्हायकाउंट झाले. डब्लिनमध्ये आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. कंपनीच्या फौजेतले जेम्स थॉमस मोल्सवर्थ मुंबई इलाख्यात आले, मराठी शिकले, आणि शास्त्री-पंडितांना हाताशी धरून १८३१ साली त्यांनी मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

गंमत म्हणजे १९५३ पासून इंग्लंडात मोल्सवर्थ म्हटलं की अनेकांना जेफ्री विलन्सच्या पुस्तकांतला नायजेल मोल्सवर्थ आठवतो. हा शाळकरी पोरगा शुद्धलेखनाची पार वाट लावतो! तिकडे तो, आणि इकडे शब्दावरून वाद झाला की "मोल्सवर्थ काय म्हणतो ते बघ."

असो. तो कोश आता माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर आजोबांनी शाईने आपलं आडनाव तेवढं लिहिलंय. गाव लिहिलेलं नाही, ते आडनावातच आहे. पण त्या गावी आजोबा कधी गेले नव्हते, बाबा गेले नाहीत, मीही नाही. साडेनऊशे वर्षांपूर्वीचं परक्याचं गाव मी शोधून काढलं, आणि आपलं तसंच राहिलंय.

काका, आत्या, वाचत असाल तर सांगा: या दिवाळीत जायचं का?